पायांनी मंद, नजरेने तेज

(ऑस्ट्रेलियातील एका खेळाडूची हकीकत)

वाचकहो, ‘मंद’ हा शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. वर्गात एखाद्या मुलाला बेरीज उशिरा जमली की लोक म्हणतात, “पोर मंद आहे.” मोठेपणी एखादा माणूस पाटी घेऊन बसला आणि त्याचा हात अडखळला, की शेजारी म्हणतात, “आता कुठं याला येणार?” असा शिक्का एकदा बसला की लवकर पुसत नाही. पण मंद म्हणजे नेमका कशात मंद, हे कोणी विचारीत नाही. पायांनी, हातांनी, नजरेने, की विचाराने?

आज आपण अशा एका खेळाडूची हकीकत वाचू. तो पायांनी मंद होता, हे खरे होते. मोठ्या संघाने त्याला त्याच कारणावरून परत पाठवले होते. पुढे त्याच खेळात त्याचे नाव पहिल्या पंक्तीत लागले. त्याचे नाव ग्रेग विल्यम्स. देश ऑस्ट्रेलिया.

1. खेळ कसा असतो?

आधी खेळ समजून घेऊ. म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

ऑस्ट्रेलियातला हा फुटबॉल आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून निराळा आहे. त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. तिकडचे लोक लाडाने त्याला ‘फुटी’ म्हणतात. त्याचे पहिले नियम मेलबर्न शहरात 1859 साली लिहिले गेले.

मैदान लांबट गोल असते. चेंडूही लांबट गोल असतो. त्यामुळे तो जमिनीवर पडला की कोणत्या बाजूला उडेल याचा नेम नसतो. एका वेळी प्रत्येक संघाचे 18 गडी मैदानात असतात. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल होतो. गोलाचे 6 गुण. चेंडू बाजूच्या खांबांतून गेला तर 1 गुण.

चेंडू हातात घेऊन पळता येते. मात्र 15 मीटरच्या आत तो एकदा जमिनीला लावावा लागतो. चेंडू सोबत्याकडे द्यायच्या दोनच रीती आहेत. एक, लाथ मारणे. दुसरी, एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने त्याला ठोसा देणे. या ठोशाला ‘हँडबॉल’ म्हणतात. हाताने चेंडू नुसता फेकला तर तो दोष ठरतो.

चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला विरुद्ध बाजूचा गडी मिठी मारून पाडू शकतो. चेंडू देण्याची संधी असूनही तो धरून ठेवला आणि मग पकडले गेले, तर चेंडू समोरच्या संघाला मिळतो. म्हणून या खेळात चेंडू वेळेवर हातावेगळा करणे ही फार मोठी विद्या आहे.

2. मधल्या फळीचा गडी

विल्यम्सच्या काळी पंच मैदानाच्या मध्यभागी चेंडू जमिनीवर जोराने आपटी. चेंडू उंच उडे. दोन्ही संघांचे दोन उंच गडी त्यासाठी उडी मारीत आणि तो हाताने आपल्या सोबत्यांकडे ढकलीत. खाली मधल्या फळीचे गडी टपून बसलेले असत. तिथे एकच झुंबड उडे. कोपर, गुडघे, खांदे, सगळे एकमेकांवर आदळत. त्या गर्दीतून चेंडू उचलायचा आणि मोकळ्या सोबत्याला द्यायचा, हे मधल्या गड्याचे काम.

हे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांत फारसे भरत नाही. गोल मारणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात. पण विहिरीतून पाणी कोणी शेंदले, हे घागर उचलणाऱ्याला माहीत असते. मधला गडी पाणी शेंदणारा असतो.

3. ठोशाची विद्या

हँडबॉल फार जुना. पण बराच काळ लोक त्याला अडचणीतला उपाय समजत. लाथ मारायला जागा नसेल तर ठोसा द्यायचा, एवढेच. त्याला चढाईचे हत्यार बनवले ग्रॅहम फार्मर या गड्याने.

फार्मर 1935 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जन्मला. तो तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, नूंगार समाजाचा. त्याचे बालपण आईवडिलांजवळ गेले नाही. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी चालवलेल्या एका आश्रमात गेले. तो उंच गडी होता, चेंडूसाठी उडी घेणारा. त्याने एक युक्ती केली. उभ्या मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू पार करायचा सराव त्याने धरला. दुरून ठोसा मारायचा आणि चेंडू बरोबर खिडकीतून आत जायला हवा. असा सराव करता करता त्याचा ठोसा लाथेइतका भरवशाचा झाला. 1962 ते 1967 या काळात तो जिलाँग संघाकडून खेळला. 1963 साली जिलाँगने विजेतेपद मिळवले. पुढे सगळे संघ हँडबॉलकडे आदराने पाहू लागले.

फार्मरचे नाव लक्षात ठेवा. धड्याच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

4. परत पाठवलेला मुलगा

ग्रेग विल्यम्सचा जन्म 1963 सालचा. तो व्हिक्टोरिया प्रांतातील बेंडिगो या गावाकडचा. सोने सापडल्यामुळे एकेकाळी वसलेले हे गाव. तिथल्या गोल्डन स्क्वेअर नावाच्या संघातून तो खेळू लागला. अंगाने भरीव, उंचीने बेताचा. गावाकडच्या सामन्यांत त्याचा खेळ सर्वांच्या नजरेत भरला.

मेलबर्न शहरात कार्लटन हा मोठा आणि जुना संघ आहे. विल्यम्सने तिथे आपले नशीब अजमावले. तिथल्या लोकांनी त्याला पाहिले आणि नको म्हटले. कारण काय? पोरगा पळायला मंद आहे.

आता विचार करा. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शर्यत लावली असती तर विल्यम्स मागेच पडला असता. चूक मोजण्यात नव्हती. चूक मापात होती. दुधाचे माप घेऊन कापड मोजायला बसले, तर मापही चुकत नाही आणि कापडही चुकत नाही. तरी हिशेब चुकतोच.

जिलाँग संघाने त्याला घेतले. तिथे टॉम हेफी हे शिक्षक होते. मेहनतीवर त्यांचा फार भर. 1984 साली विल्यम्स मोठ्या स्पर्धेत उतरला. दोन हंगामांत तो जिलाँगकडून 34 सामने खेळला.

5. मंद पायांवर उपाय

मंद पायांचा माणूस चपळ गड्यांत टिकला कसा? त्याच्याजवळ जादू नव्हती. त्याच्या खेळात चार गोष्टी होत्या. त्या नीट पाहू.

पहिली गोष्ट, तो आधी पाहत असे. चेंडू हवेत असतानाच तो कुठे पडणार हे ताडायचे आणि तिथे जाऊन उभे राहायचे. दुसरा दहा पावले पळून येई. याला दोनच पावले टाकावी लागत. जो वेळेआधी निघतो त्याला धावावे लागत नाही. गाडी पकडणाऱ्यालाही हा नियम लागू आहे.

दुसरी गोष्ट, त्याचा निर्णय आधी झालेला असे. चेंडू हाती आल्यावर “आता कुणाला देऊ?” असा विचार करायला त्याला थांबावे लागत नसे. आपला कोणता सोबती कुठे मोकळा आहे, हे त्याने चेंडू येण्याआधीच हेरलेले असे.

तिसरी गोष्ट, हात. त्याचा ठोसा दोन्ही हातांनी बसे. उजवीकडून अडवले तर डावा हात तयार. आणि चेंडू सोबत्याच्या छातीशी, तो ज्या दिशेने पळतोय त्या दिशेला, पुढ्यात जाऊन पडे. सोबत्याला थांबावे लागत नसे, वाकावे लागत नसे. आपण मंद होतो म्हणून त्याने इतरांच्या वेगाचा उपयोग करून घेतला. आपले पाय हळू, तर सोबत्याचे पाय वापरायचे!

चौथी गोष्ट, तो मार सोसायला तयार असे. दोघे अंगावर धावून येताना दिसले तरी तो चेंडू सोडून बाजूला होत नसे. ते जवळ येईपर्यंत तो थांबे, दोघांना आपल्याकडे ओढून घेई, आणि शेवटच्या क्षणी चेंडू मोकळ्या सोबत्याकडे धाडी. मग अंगावर आदळणारा भार सोसायचा. ही चौथी गोष्ट त्याच्या कीर्तीला कारण झाली. तिची किंमतही त्याला द्यावी लागली. ते पुढे पाहू.

लोक त्याला ‘डिझेल’ म्हणत. नाव शोभणारे आहे. डिझेलचे इंजिन एकदम उसळी घेत नाही. पण ओझे ओढायचे म्हटले की दमत नाही.

6. सिडनीचे दिवस

1986 साली हेफी सिडनी संघात गेले. त्यांच्या मागोमाग विल्यम्सही गेला. त्याच वर्षी त्याला ब्राउनलो पदक मिळाले.

हे पदक काय आहे तेही सांगतो. 1924 पासून ते दिले जाते. प्रत्येक सामना संपला की मैदानातले पंच सर्वांत चांगल्या तीन गड्यांना 3, 2 आणि 1 अशी मते देतात. हंगाम संपल्यावर मते मोजतात. ज्याची मते जास्त, त्याला पदक. 1986 साली विल्यम्स आणि रॉबर्ट डिपिअरडॉमेनिको या दोघांची मते सारखी झाली, प्रत्येकी 17. म्हणून दोघांनाही पदक दिले गेले. मंद म्हणून परत पाठवलेल्या मुलाला मोठ्या स्पर्धेत उतरून तेव्हा अवघी तीन वर्षे होत होती.

1989 साली सेंट किल्डा संघाविरुद्धच्या एका सामन्यात त्याने लाथ आणि ठोसा मिळून 53 वेळा चेंडू पुढे दिला. हा उच्चांक 2018 पर्यंत टिकला. त्या वर्षी हॉथॉर्न संघाच्या टॉम मिचेलने 54 वेळा चेंडू दिला, तेव्हा तो मोडला. म्हणजे 29 वर्षे चपळ पायांच्या कोणालाही त्याच्या पुढे जाता आले नाही.

सिडनीकडून तो 107 सामने खेळला.

7. नको म्हणणाऱ्यांच्या घरी

1992 साली विल्यम्स कार्लटन संघात आला. होय, तोच कार्लटन. ज्यांनी नको म्हटले होते त्यांनीच आता त्याला बोलावून घेतले. त्याने मागचे उणेदुणे काढले नाही. तो खेळू लागला.

1993 साली ब्राउनलो पदक त्याच्या हातून फक्त एका मताने गेले. एसेंडन संघाच्या गॅव्हिन वॉन्गनीनला 18 मते पडली, विल्यम्सला 17. त्याच वर्षी अंतिम सामन्यात कार्लटनला एसेंडनने 44 गुणांनी हरवले. एका वर्षात दोन घाव.

पुढच्याच वर्षी, 1994 साली, विल्यम्सला 30 मते पडली आणि दुसऱ्यांदा ब्राउनलो पदक मिळाले. पण संघाचे विजेतेपद अजून त्याच्या वाट्याला आले नव्हते.

ते आले 1995 साली. त्या हंगामात कार्लटनने साखळीतील 22 सामन्यांपैकी फक्त दोन गमावले. अंतिम सामना मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर झाला. नव्वद हजारांहून अधिक लोक पाहायला आले होते. समोर जिलाँग, म्हणजे विल्यम्सला पहिला आसरा देणारा संघ! विल्यम्सने तिशी ओलांडली होती. त्या दिवशी त्याने नुसते चेंडू पुरवले नाहीत. स्वतः 5 गोल केले. कार्लटनचे 141 गुण झाले, जिलाँगचे 80. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम गड्याला नॉर्म स्मिथ पदक देतात. ते विल्यम्सला मिळाले.

1996 हा त्या स्पर्धेचा शंभरावा हंगाम होता. तेव्हा शंभर वर्षांतले उत्तम गडी निवडून एक मानाचा संघ जाहीर करण्यात आला. त्यात ग्रॅहम फार्मर होता, आणि ग्रेग विल्यम्सही होता. खिडकीतून ठोसे मारणारा आणि गर्दीतून ठोसे मारणारा, दोघे एका यादीत बसले.

8. एक वाईट प्रसंग

थोरांच्या हकीकतीत फक्त गोड गोष्टी सांगू नयेत. 1997 साली, एका सामन्यात हमरीतुमरी चालू असताना, विल्यम्सने पंचाला धक्का दिला. या खेळात पंचाला हात लावणे हा मोठा गुन्हा समजतात. त्याला नऊ सामन्यांची बंदी झाली. तो कोर्टात गेला. आधी निकाल त्याच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टाने तो फिरवला. बंदी कायम राहिली. ज्या पंचांच्या मतांवर त्याला दोनदा पदक मिळाले, त्याच पंचांपैकी एकावर रागाच्या भरात हात गेला. राग असा आंधळा असतो. त्या हंगामानंतर विल्यम्स निवृत्त झाला. कार्लटनकडून त्याचे 109 सामने झाले होते. तिन्ही संघ मिळून 250.

9. डोक्याची किंमत

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण संपत नाही.

2013 साली विल्यम्सने जाहीरपणे सांगितले की आपली स्मरणशक्ती दगा देऊ लागली आहे. आपण खेळलेले कितीतरी सामनेही आपल्याला आठवत नाहीत. तेव्हा त्याला पन्नाशीही लागली नव्हती. खेळताना डोक्याला वारंवार बसलेल्या माराशी त्याने या त्रासाचा संबंध जोडला.

हे कसे होते? डोक्याच्या कवटीत मेंदू असतो. तो मऊ असतो. भरलेला हंडा एकदम थांबवला की आतले पाणी हिंदकळते. तसा डोक्याला धक्का बसला की मेंदू आत हिंदकळतो. बाहेर रक्त येत नाही, खरचटतही नाही. माणूस क्षणभर चक्रावतो आणि उठून पुन्हा खेळू लागतो. लोक म्हणतात, “शाबास, गडी दमाचा आहे!” पण असे धक्के वर्षानुवर्षे बसत राहिले तर काही जणांच्या मेंदूला एक रोग जडतो. त्याला डॉक्टर ‘सी.टी.ई.’ म्हणतात. विसराळूपणा, चिडचिड, मन खचणे, असे त्रास त्यात होतात. हा रोग होता की नव्हता, याचा पक्का निर्णय माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच देता येतो.

आता फार्मरची आठवण करा. 2019 साली, वयाच्या 84 व्या वर्षी, तो वारला. त्याचा मेंदू तपासला गेला. 2020 साली डॉक्टरांनी सांगितले की त्याला हाच रोग होता. या स्पर्धेतील खेळाडूंत हे निदान झालेला तो पहिला. त्यानंतर डॅनी फ्रॉली आणि शेन टक या खेळाडूंच्या मृत्यूनंतरही तेच आढळले.

मग स्पर्धा चालवणाऱ्यांना नियम कडक करावे लागले. 2021 पासून असा नियम झाला की डोक्याला मार लागून चक्कर आलेल्या खेळाडूने निदान 12 दिवस सामना खेळायचा नाही. तो स्वतः “मी ठीक आहे” म्हणाला तरी त्याच्या बोलण्यावर विसंबायचे नाही. नियम चांगला आहे. पण विल्यम्सच्या आणि फार्मरच्या उपयोगी तो आला नाही.

वाचकहो, केवढा हा उलटा न्याय! ज्याने पायांची उणीव डोक्याने भरून काढली, त्याच्या डोक्यालाच ही झळ लागली.

10. आपण काय घ्यावे?

या हकीकतीतून दोन गोष्टी घ्याव्यात.

पहिली. कोणावर ‘मंद’ म्हणून शिक्का मारण्याआधी मापाचा विचार करावा. आणि शिक्का आपल्यावरच बसला असेल, तर आपली कोणती शक्ती अजून कोणी मोजलेली नाही ते पाहावे. अक्षर हळू वाचणारा माणूस आकाश पाहून पाऊस ओळखतो. बेरीज चुकणारी बाई बाजारात कोणाला फसत नाही. ही नजर जवळ असलेल्या माणसाला अक्षरही वश होते. वेळ लागतो, एवढेच.

दुसरी. “शिर सलामत तो पगडी पचास” असे जुने लोक म्हणत आले आहेत. कुस्तीत, कबड्डीत, झाडावरून पडून, सायकल-मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर मर्दुमकी दाखवू नये. मूल असो वा मोठा, त्याला लगेच पुन्हा खेळायला किंवा कामाला लावू नये. वांती झाली, झापड येऊ लागली, बोलणे अडखळले, डोके जास्त दुखू लागले, तर घरगुती लेप लावीत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. जखम दिसत नाही म्हणजे दुखापत नाही, असे नसते.

कठीण शब्द

झुंबड – एकाच ठिकाणी उडालेली गर्दी
ताडणे – आधीच ओळखणे
हातावेगळा करणे – पुरा करून किंवा देऊन मोकळे होणे
उच्चांक – आजवरची सर्वांत मोठी संख्या
हमरीतुमरी – अरेतुरेवर आलेले भांडण
निदान – रोग ओळखणे. दुसरा अर्थ, कमीत कमी

प्रश्न

1. हँडबॉल म्हणजे काय? तो मारून दाखवा.
2. कार्लटन संघाने विल्यम्सला आधी का परत पाठवले?
3. पायांची उणीव विल्यम्सने कोणत्या चार गोष्टींनी भरून काढली? त्यांतली कोणती गोष्ट त्याला महाग पडली?
4. विल्यम्स तिन्ही संघांकडून किती किती सामने खेळला? बेरीज करून 250 येतात का पाहा.
5. डोक्याला मार लागल्यावर कोणती लक्षणे दिसली तर दवाखान्यात जावे? ती पाटीवर लिहा आणि घरी वाचून दाखवा.
6. तुमच्या गावात ‘मंद’ म्हणून हिणवला जाणारा कोणी आहे का? त्याला काय चांगले येते? त्यावर पाच ओळी लिहा.